कॅम्पर ट्रेलर: पाच फुटी, सहा फुटी की सात फुटी?

गंगापूररोडकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो, कारण घरात आता या विषयावर कोणी ऐकून घेत नाही.

इनोव्हा क्रिस्टाच्या मागे लावायला बंद डब्याचा ट्रेलर बनवून घ्यायचाय. सामान वाहायला असतो तसा, साधा चौकोनी. आत झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, कोपऱ्यात संडासाची पेटी. तयार कॅराव्हॅनची ऐपत नाही, आणि खरं सांगायचं तर हौसही स्वतः खटपट करण्याचीच आहे. डबा दहा फूट लांब (गाडीला जोडायची पुढची दांडी धरून चौदा, पार्किंगमध्ये तेवढंच मावतं), आत उंची सव्वासहा फूट. इथपर्यंत ठरलं. अडलंय रुंदीवर.

अमेरिकेतले व्हिडिओ बघितले तर एकजात सगळे सांगतात, सात फुटी घ्या, सहा फुटी घेऊन पस्तावाल. इथे नाशिकला, अंबडच्या एका फॅब्रिकेटरला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, पाच फूट करा, गाडीमागे लपून जाईल." बायको म्हणते सहा. का, ते सांगत नाही. "सहाच," एवढंच.

माझी उंची ५ फूट ७ इंच, हिची ५ फूट २. आई ७४ वर्षांची, गुडघे गेलेले, पण वणीला यायला कायम तयार. फिरणं भंडारदरा, हतगड, सापुतारा, वणी, कधी कोकणात उतरलो तर दापोली.

काल पार्किंगमध्ये खडूने तिन्ही मापांचे चौकोन आखले. आज सकाळी बघतो तर पोरं त्यावर लंगडी खेळत होती. जाणकारांनी उजेड पाडावा.

मिसळ_जादा_तर्री | सोमवार, रात्री १०:०२

साडेसहा करा, तिघंही सारखेच नाराज होतील.

टेक्सासची_थोरली | सोमवार, रात्री ११:२५

दादा, मी मूळची पंचवटीची, आता इकडे. आम्ही चार वर्षांपूर्वी असाच कार्गो ट्रेलर घेऊन आत सगळं घरी केलं, म्हणून लिहिते. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंमधलं "सात" तुमच्या "सात"शी जुळत नाही, तो घोळ आधी सोडवू या.

इथे हे ट्रेलर मुख्यतः पाच, सहा, सात आणि साडेआठ फूट रुंदीत मिळतात. सात फुटीपर्यंत चाकं डब्याच्या बाहेर असतात, वर मडगार्ड. साडेआठ फुटीत चाकं डब्याच्या पोटात जातात आणि आत दोन्ही बाजूंना चाकांच्या पेट्या उठतात. इथल्या मोठ्या हमरस्त्यांवर १०२ इंच रुंदी चालते, म्हणजे बरोब्बर साडेआठ फूट. सात फुटी डबा बाहेरच्या चाकांसकट मोजला तर तोही १०२ इंचांच्या आसपासच जातो! म्हणजे रस्त्यावर दोन्ही सारखेच रुंद, फक्त आतली जागा वेगळी.

मग लोक सात का म्हणतात? पलंगामुळे. इथला क्वीन पलंग ६० बाय ८० इंचांचा. तो आडवा, म्हणजे रुंदीच्या दिशेने, टाकायचा तर आत ८० इंच हवेत, ते सात फुटीतच मिळतात. सहा फुटी म्हणून विकलेला आमचा ट्रेलर आतून भरला ५ फूट ८ इंच. नवरा ६ फूट १. पहिल्या रात्री तो तिरका झोपला आणि मी उरलेल्या त्रिकोणात. दुसऱ्या महिन्यात पलंग उचकटून उभा, म्हणजे लांबीच्या दिशेने, टाकला.

दुसरं म्हणजे ओढणारी गाडी. इथले मोठे पिकअप आरसे सोडून ८० इंच रुंद असतात, त्यांच्यामागे सात फुटी डबा दोन-दोन इंचच बाहेर डोकावतो. तुमची क्रिस्टा किती रुंद आहे?

आणि बाजूचं दार! इकडच्या व्हिडिओत ते उजवीकडे असतं, कारण गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला थांबते. तुम्ही डावीकडे करा, नाहीतर दार उघडून पाय थेट ट्रकसमोर.

गंगापूररोडकर | मंगळवार, सकाळी ७:१५

थोरल्या ताई, दाराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चित्रात उजवीकडेच काढलंय! क्रिस्टा १८३० मिमी, म्हणजे ७२ इंच.

पत्रा_रिपिट | मंगळवार, दुपारी १:५०

काका, मी सातपूरला फॅब्रिकेशनमध्येच आहे. ट्रेलर, फूड ट्रक, पाण्याच्या टाक्यांची गाडी, सगळं करतो. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न. सहा फूट म्हणजे कुठून कुठपर्यंत? आमच्या धंद्यात निम्मी भांडणं यावरूनच होतात. गिऱ्हाईक आतलं माप बोलतं, कारागीर बाहेरचं धरतो. दीड इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा, बाहेर पत्रा, मधे थर्माकोल, आत ६ मिमी प्लाय. पाइप आणि प्लायच्या मधे फोमची पातळ पट्टी मारायची, नाहीतर थंडीत पाइपाच्या रेषेवर आतून दव सुटतं. हे सगळं धरून एक भिंत होते दोन इंच, दोन भिंती चार इंच. बाहेरून सहा फूट सांगितलं तर आत मिळणार ५ फूट ८. ताईंच्या ट्रेलरचं माप तेच आलंय बघा.

दुसरं, चाकं. साधारण साडेसहा इंची टायर, आत एक इंच मोकळं, बाहेर मडगार्डला दीड इंच. एका बाजूला नऊ इंच झाले, दोन्हीकडे मिळून अठरा. सहा फुटी डबा रस्त्यावर साडेसात फुटी झाला. सात फुटी केला तर साडेआठ.

तिसरं, वजन. रुंदी एक फूट वाढली की दहा फुटी डब्यात तळाला दहा चौरस फूट, छताला दहा, पुढे-मागे मिळून तेरा. १८ मिमी प्लाय चौरस फुटाला किलोच्या थोडा वर. एक मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो, म्हणजे चौरस फुटाला पाऊण किलो धरा. वर आडवे पाइप, चेसिसचे क्रॉस मेंबर (खालच्या सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या), आतला प्लाय. एका फुटाला चाळीस-पन्नास किलो सहज जातात.

कलम_बावन्न | मंगळवार, दुपारी ३:३०

वजनाचा विषय निघालाच आहे तर कागदाचंही बोलून टाकतो.

मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहना'च्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र नंबरप्लेट. "मागे लावलंय, गाडीचाच भाग" असं म्हणून चालत नाही. एकूण वजन ७५० किलोपर्यंत असेल तर तो टी-१ वर्गात बसतो, त्याच्यावर ३.५ टनांपर्यंत टी-२. एकूण वजन म्हणजे रिकामं नव्हे, पाणी, गादी, सिलिंडर, तांदळाची पिशवी सगळं धरून. ७५० ओलांडलंत की ब्रेकचा खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात.

रुंदीची कमाल मर्यादा आपल्याकडे २.६ मीटर. सात फुटी डबा अधिक बाहेरची चाकं म्हणजे १०२ इंच, २.५९ मीटर. नियमात बसलात, पण एक सेंटिमीटर राखून. त्यात वेल्डरचा हात हलला, नाहीतर बाजूला दिवा लावला, की गेलं.

म्हणून ज्याच्याकडे मान्यताप्राप्त नमुन्याचा ट्रेलर आहे त्याच्याकडूनच चेसिस घ्या आणि पत्र्याला हात लावायच्या आधी एमएच-१५ च्या आरटीओ कार्यालयात जाऊन काय लागतं ते विचारा. नोंदणीनंतर आकार बदललात तर कलम ५२ उभं राहतं, माझं नावच त्यावरून आहे.

मिसळ_जादा_तर्री | मंगळवार, दुपारी ४:०५

बनवून झाला की २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाजवळ उभा करा, रात्रीच्या भाड्यात पैसे वसूल.

कलम_बावन्न | मंगळवार, दुपारी ४:२०

खाजगी नोंदणीचं वाहन भाड्याने देता येत नाही. सिंहस्थातही नाही.

घाटवाला | मंगळवार, रात्री ९:१०

मी बोलेरोमागे सहा वर्षं ट्रेलर ओढतोय, त्यात संसार नसतो, मधमाश्यांच्या पेट्या असतात. पण रस्ता तोच.

आधी माझं दुःख. मी एकाकडे सहा फुटी सांगितला, पैसे सहा फुटीचे दिले, घरी येऊन भरला तर आत ५ फूट ७. विचारलं तर म्हणतो, बाहेरून सहा आहे की. वर पत्रा_रिपिट यांनी लिहिलंय ते शंभर टक्के. कागदावर "आतून" हा शब्द लिहून घ्या, खाली त्याची सही.

आता रस्ता. चांदवडच्या पलीकडे राहुड घाटात शेजारून कंटेनर गेला की आधी ट्रेलर बाहेर ढकलला जातो, मग त्याच्याकडे ओढला जातो. गाडीपेक्षा डबा जितका बाहेर, तितकं हे जास्त. आणि वारा फक्त शेजारूनच नाही, समोरूनही असतो. सात फूट उंच डबा सहाऐवजी सात फूट रुंद केला तर समोरचं तोंड ४२ चौरस फुटांवरून ४९ वर जातं. सहावा हिस्सा जास्त पत्रा वाऱ्यात धरून तुम्ही पळताय. डिझेल तिथेच जातं.

दुसरा मुद्दा आडरस्त्याचा. भंडारदऱ्याच्या धरणाभोवती काय किंवा हतगडकडची आतली गावं काय, एकेरी रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर. समोरून एसटी आली, ती अडीच मीटरच्या आसपास. तुमचा सात फुटी २.५९. बेरीज पाच मीटरच्या वर. म्हणजे कोणाला तरी साइडपट्टीवर उतरायचंय, आणि एसटी उतरत नाही हे सांगायला नको. पावसाळ्यात ती साइडपट्टी म्हणजे लोणी. माझं मत पाच फुटी. झोपायला उभे पलंग टाका.

सात_फुटी_समर्थक | मंगळवार, रात्री १०:३५

मधमाश्यांना ओटा लागत नाही भाऊ. माणसाला पाच फुटात चार दिवस राहून बघा, पाचव्या दिवशी कोर्टात भेटाल. सातच घ्या. एकदाच घ्यायचंय.

अनघा_सिडको | बुधवार, सकाळी ११:१०

सगळे पुरुष पलंग आणि पत्रा मोजताहेत. रात्री दोन वाजता काय होतं ते कोणी मोजलंय का?

आम्ही मिस्टरांच्या मित्राच्या कॅम्परमधून एकदा गेलो होतो. पलंग आडवा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आत झोपलेल्याला उठायचं तर बाहेरच्याच्या अंगावरून जायचं. सासूबाई आत होत्या, कारण "गार वारा नको". रात्री तीनदा उठल्या. तीनदा मी उठून बसले, पाय पोटाशी घेतले, त्या गेल्या, आल्या, मग मी पुन्हा आडवी. सकाळी धरण किती सुंदर दिसतंय म्हणून सगळे मला उठवत होते.

दादा, तुमच्या आईंचे गुडघे गेलेत असं लिहिलंय. आडवा पलंग करणार असाल तर रुंदी कितीही घ्या, त्यांना उतरता येणार नाही. आणि उभा करणार असाल तर सात फुटांची गरजच काय? आधी पलंग कुठल्या दिशेने ते ठरवा.

ओट्याचं: घरी आपण दोन फूट खोल ओटा करतो. इथे दीड फूट पुरतो, शेगडी बसते. पण ओट्यापुढे उभं राहायला आणि खाली वाकून डबा काढायला दोन फूट तरी मोकळे हवेत. वाकल्यावर माणूस मागे किती जातो ते भिंतीला पाठ लावून करून बघा.

टेक्सासची_थोरली | बुधवार, सकाळी ११:४०

अनघा, त्रिकोणात झोपलेल्या बाईचा तुला नमस्कार.

पत्रा_रिपिट | बुधवार, दुपारी १:४५

अनघाताई बरोबर बोलल्या. अजून एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे गादी तयार मिळते ती ७२, ७५ नाहीतर ७८ इंच लांब. आडवी टाकायची तर सर्वांत छोटी ७२ ची, त्याला आत ७३ हवेत, चादर खोचायला बोट जायला पाहिजे. म्हणजे बाहेरून ७७, चाकं धरून ९५ इंच, आठ फुटाला एक इंच कमी. उभी टाकायची तर रुंदीचा आणि गादीच्या लांबीचा संबंधच संपला. काका, तुमच्या गल्लीतून आणि गेटमधून किती जातं ते मोजलंय का?

गंगापूररोडकर | गुरुवार, रात्री ८:५०

मोजलं. सविस्तर लिहितो, कारण आज सकाळी जे झालं ते सोसायटीत सगळ्यांना माहीत झालंच आहे.

गेट ९ फूट २ इंच. म्हणून मी निर्धास्त होतो. पण गेटबाहेर गल्ली काटकोनात वळते, तिथे एका बाजूला विजेचा डीपी, दुसरीकडे इस्त्रीवाल्याची टपरी. नुसती टेप लावून तिथलं काही कळेना, कारण गाडी वळताना मागचं टोक कुठून जातं ते टेप सांगत नाही. मग क्रिस्टाच्या कॅरिअरवर, अगदी मागच्या टोकाला, आठ फुटी पीव्हीसी पाइप आडवा बांधला. दोन्ही टोकांना लाल फडकं. सकाळी सहा वाजता, रस्त्यावर कोणी नाही असं बघून निघालो. बायको पायी मागे, ओरडायला.

डीपीला पाइप टेकला. टेकला म्हणजे टक्कन वाजलाच. वॉचमन धावत आला. मागे घेतली, करवतीने पाइप चार इंच कापला, ७ फूट ८ इंच केला, परत गेलो. या वेळी डीपीपासून चार बोटं राखून निघाली. इस्त्रीवाला तोवर येऊन उभा होता. म्हणाला, "साहेब, दुपारी माझी सायकल असते इथं."

शिवाय ट्रेलर काही पाइपासारखा गाडीबरोबर वळत नाही, त्याची चाकं वळणावर आत कापतात. म्हणजे चार बोटं ही चार बोटंसुद्धा नाहीत.

कलम_बावन्न | गुरुवार, रात्री ९:००

गाडीच्या अंगाबाहेर दोन्हीकडे पाइप काढून सार्वजनिक रस्त्यावर? लाल फडकं लावलंत म्हणून मोठं काही केलंत असं समजू नका. पुन्हा करू नका.

गंगापूररोडकर | गुरुवार, रात्री ९:१२

मान्य. पुन्हा नाही. पाइपाचे आता बागेतल्या वेलाला टेकू झालेत.

आता दुसरी बातमी. अनघाताईंचं वाचून मी आईला विचारलं की तुला उभा पलंग चालेल ना, कडेला, म्हणजे रात्री उतरायला बरं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मी कशाला त्या पेटीत झोपू? वणीला भक्तनिवास आहे, मी तिथे खोली घेईन. तुम्ही दोघं झोपा तुमच्या हौसेला." दिवसा जरा पाठ टेकायला आणि संडासाला मिळालं की तिचं काम झालं. चार महिने मी तिघांची मापं काढत होतो आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं.

मग धीर करून बायकोला विचारलं, तुझं सहा का? तर म्हणे, "रेल्वेसारखे समोरासमोर दोन बर्थ, आणि मधे चपला ठेवायला जागा. सहाच होतात की." मी खडू घेऊन खाली गेलो. बर्थ २६ इंच, मधे १८ इंच, बर्थ २६ इंच. झाले ७०. आतून ५ फूट १० इंच.

अनघा_सिडको | गुरुवार, रात्री ९:३०

वहिनींना माझा साष्टांग.

सात_फुटी_समर्थक | गुरुवार, रात्री १०:०५

२६ इंचांच्या बर्थवर कूस बदलायची परवानगी घ्यावी लागेल. आणि १८ इंचांच्या वाटेत दोघं समोरासमोर आले तर?

गंगापूररोडकर | गुरुवार, रात्री १०:२०

तर एक जण बर्थवर बसेल. रेल्वेत काय करतो आपण? आणि ओटा बर्थच्या भागात नाहीच. बर्थ सव्वासहा फूट, उरलेल्या पावणेचार फुटात एका बाजूला दीड फुटी ओटा, दुसऱ्या बाजूला मागच्या कोपऱ्यात दोन फुटी संडासाची पेटी. ओट्यापुढे मोकळी जागा सव्वादोन फूट, आणि डावीकडचं दार तिथेच उघडतं.

हिशोब आता असा: आतून ७०, बाहेरून ७४, म्हणजे क्रिस्टापेक्षा फक्त दोन इंच जास्त. डबा गाडीमागे लपला. पण चाकं धरून ९२, म्हणजे तेच ७ फूट ८ इंच, चार बोटंवालं. इथे अडलोय.

पत्रा_रिपिट | शुक्रवार, दुपारी १:४०

काका, आता गंमत बघा. आडवा पलंग गेला, उभे बर्थ आले ना? मग चाकं बाहेर ठेवायचीच कशाला? बर्थच्या खाली घ्या.

टायर उंचीला दोन फूट. तळ जमिनीपासून दीड फुटावर. वर पाटे (स्प्रिंग) दबायला तीन इंच सोडले तर चाकाची पेटी आत नऊ-दहा इंच उठेल. बर्थ तुम्ही सोळा इंचांवर करणार. पेटी त्याच्या पोटात गेली, आत शिरली फक्त सात-आठ इंच. बर्थखालची बाकीची जागा सामानाला मोकळीच. रस्त्यावर तुमची रुंदी मग ७४ इंच, ६ फूट २. डीपी, इस्त्रीवाला, त्याची सायकल, सगळे खूश.

यात तोटा काय तेही सांगतो. चेसिसच्या पट्ट्या आत घ्याव्या लागतात, पाण्याची टाकी त्यांच्या मधेच बसवावी लागेल. चाकाच्या पेटीला आतून पत्रा जाड वापरायचा, टायर फुटला तर तोच पत्रा बर्थ वाचवतो. पंक्चर काढायला चाक खाली उतरेल एवढी कमान कापावी लागते, ती लक्षात ठेवून ठेवायची.

घाटवाला | शुक्रवार, दुपारी २:३०

चाकं आत घेतली तर ट्रेलर अरुंद पायांवर उभा राहतो. घाटात डोलेल.

पत्रा_रिपिट | शुक्रवार, दुपारी २:४५

दादा, टायर बाहेरच्या पत्र्याला एक इंच सोडून बसतो. एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ६५ इंच येतात. काकांच्या गाडीचं तेच माप ६० च्या आसपास आहे. गाडीपेक्षा पाय रुंदच झाले. डोलणं बहुतेक वेळा दांडीवर भार कमी पडल्याने होतं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के दांडीवर यायला पाहिजेत. ओटा आणि संडास मागे आहेत, म्हणून टाकी आणि बॅटरी एक्सलच्या किंचित पुढे घ्या आणि जड डबे पुढच्या बाजूला बर्थखाली.

घाटवाला | शुक्रवार, दुपारी ३:०५

६५ असेल तर माघार. पण पहिल्यांदा कसाऱ्याला उतरू नका, आधी दिंडोरी रोडवर रिकामा फिरवा.

सात_फुटी_समर्थक | शुक्रवार, सायंकाळी ६:१५

थांबा थांबा. चाकं आत जाणार असतील तर आता सात फुटी डबाच का नाही? रस्त्यावर ८४ इंचच होतील, तुमच्या ९२ पेक्षा कमी! आत ८० मिळतील. बर्थ ३० चे, वाट २० ची. मी पहिल्यापासून सांगतोय.

गंगापूररोडकर | शुक्रवार, रात्री ९:२०

खरं सांगू, तुमचं वाचून अर्धा तास मी हललो होतो. खाली जाऊन चौथा चौकोनही आखला.

पण पत्रा_रिपिट यांच्या हिशोबाने दहा इंच वाढले की चाळीसेक किलो. त्यांना फोनवर सगळं सांगून अंदाज घेतला: ७४ इंची डबा आतल्या कामासकट सहाशेच्या आत बसवता येईल, वर साठ लिटर पाणी, म्हणजे साठ किलो, मग गाद्या, सिलिंडर, भांडी. ७५० ला टेकतोच आहे. ते चाळीस किलो म्हणजे माझं दोन तृतीयांश पाणी. शिवाय ८४ म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पत्रा वाऱ्यात, आणि आरशांना लांब हात लावावे लागणार. ७४ ला गाडीचे आरसे पुरतात.

बायकोने तो चौथा चौकोन बघितला आणि विचारलं, "यात जास्त काय ठेवणार आहेस?" मला उत्तर आलं नाही.

टेक्सासची_थोरली | शुक्रवार, रात्री ११:५०

चांगलं ठरवलंत. एक सांगते, मधल्या वाटेवर बसेल अशी १८ इंची फळी करून ठेवा, बर्थच्या कडेला पट्टी मारून त्यावर टेकेल अशी. दिवसा तेच टेबल. नातवंडं आली की मधे टाकली, सबंध ७० इंचांचा पलंग होतो. आमच्याकडे ती फळी सर्वांत जास्त वापरली जाते.

पत्रा_रिपिट | शनिवार, सकाळी १०:१५

फळीला प्लाय वेगळा घेऊ नका. तळाला आठ बाय चारचे शीट आडवे टाकणार, ७४ इंचांवर कापले की प्रत्येक शीटमागे २२ इंची तुकडा उरतो. फळी, बर्थचे दर्शनी भाग, ओट्याचे कप्पे त्यातच निघतील. कारागिराला आधीच सांगा, नाहीतर तो तुकडे घेऊन जातो आणि त्याच्या देवघराखाली कपाट होतं.

मिसळ_जादा_तर्री | शनिवार, सकाळी १०:४०

म्हणजे शेवटी वहिनींचं सहाच?

गंगापूररोडकर | शनिवार, सकाळी ११:०५

६ फूट २, बाहेरून. हिला दोन इंच सांगितलेले नाहीत.

सोमवारी एमएच-१५ च्या कार्यालयात चित्र घेऊन जातोय, तिथून मान्यता असलेल्या चेसिसवाल्याकडे. कागदावर "आतून ७० इंच, चाकं पोटात, दार डावीकडे" असं ठळक लिहून नेतोय. पत्रा_रिपिट, डब्याचं काम तुम्हीच कराल का?

पत्रा_रिपिट | शनिवार, दुपारी १:३५

करू की. चेसिस आली की या. येताना दोन गोष्टी आणा: ज्या मापाचे टायर घेणार ते एक प्रत्यक्ष टायर, आणि काकूंना. बर्थची उंची बसून बघितल्याशिवाय मी पेटी वेल्ड करत नाही.